मालवणात मुक्काम? खोलीच्या आधी गाडीची जागा विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुट्टीत बेळगाव-खानापूरकडच्या किती गाड्या मालवणच्या वाटेला लागतात, हे शिनोळीच्या रस्त्यावर पहाटे उभं राहिलं की कळतं. निपाणी-संकेश्वरकडचे आजऱ्यावरून येऊन आंबोलीत त्यांना मिळतात. खोली, मासे, होडी, सगळं आधी ठरलेलं असतं. गाडी कुठं लावायची, एवढंच ठरलेलं नसतं, आणि सुट्टीतल्या मालवणातली निम्मी कोंडी तिथून सुरू होते.

सहाला निघालेली गाडी सावंतवाडी, कुडाळ करत साडेदहाच्या सुमारास मालवणात शिरते. खोली अकराला, कुठं बाराला मिळणार. मग ‘तोवर किल्ला करून घेऊ’ म्हणून सामानासकट गाडी थेट बंदर जेटीकडे नेली जाते. मागं बॅगा, टपावर ताडपत्रीखाली गाठोडी, त्यामुळे ती नजरेआड लावायला कुणी तयार होत नाही. जेटीजवळची थोडीशी जागा केव्हाच भरलेली असते. होडीची रांग, जाता-येता दहा-पंधरा मिनिटांचं पाणी आणि किल्ल्यावरचा तासभर धरला तर अडीच तास कुठं गेले नाहीत. म्हणजे सकाळी लागलेली गाडी दुपारच्या जेवणापर्यंत हलत नाही आणि मागून आलेला बाजारपेठेतून घिरट्या घालत राहतो.

सिंधुदुर्ग १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर उभा राहिला. तीनेक किलोमीटरची तटबंदी, आत आजही काही घरं नांदती. पण तिथं चाक पोचत नाही, त्यामुळे सगळा भार अलीकडच्या गावावर पडतो. त्यात २०२५ मध्ये मालवणातल्याच राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा नवा पुतळा उभा राहिल्यापासून किल्ल्यावर न जाणारेही त्याच टोकाला गाडी आणतात. मेढा, धुरीवाडा, दांडी इथले आतले रस्ते बैलगाडीच्या मापाचे, दोन्ही अंगांना चिऱ्याचे गडगे. आठ फुटी पाणंद म्हणजे २४४ सेंटिमीटर. इनोव्हा क्रिस्टा आरसे सोडून १८३ सेंटिमीटर रुंद. आरसे मिटून ती बरोबर मध्ये घातली तरी दोन्ही बाजूंना फूट-फूटच उरतो आणि दार उघडून उतरता येत नाही. समोरून मासळीचा टेम्पो आला की कुणीतरी मागं घ्यायची, आणि चिऱ्याची कड बंपरला लागते ती तेव्हाच. सात माणसांना सात आसनी गाडी हवीच, पण तिचा मुक्काम पाणंदीत नको.

म्हणून बुकिंगच्या फोनवर ‘पार्किंग आहे का?’ एवढ्यावर थांबू नये. उत्तर नेहमी ‘हो, आहे’ असंच येतं. गाडीचं नाव सांगून विचारावं: आमची गाडी आवारात येईल का, फाटक किती फुटी आहे, आत वळवता येते की मागं-मागं काढावी लागते, त्या दिवशी आणखी किती गाड्या आहेत? आवारात चार गाड्या एकामागे एक लागणार असतील तर पहाटे निघणाऱ्याने शेवटी लावायची, हे रात्रीच ठरवून घ्यावं. नाहीतर पाचला सगळं घर उठवावं लागतं. आणि सगळ्यांत कामाचा प्रश्न: खोली बाराला दिलीत तरी गाडी आणि सामान साडेदहाला ठेवून घ्याल का? बहुतेक घरगुती मुक्कामांना याची अडचण नसते, आपण विचारतच नाही. गाडी तिथं टेकवली की जेटीपर्यंत रिक्षा करावी किंवा चालत जावं. तारकर्ली-देवबागला उतरणाऱ्यांनी तर किल्ल्यासाठी गाडी काढूच नये. देवबागला एका हाताला कर्लीची खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र, मधून एकच अरुंद रस्ता. दुपारी त्यावर अडकलात तर होडीही जाते आणि जेवणही.

आवारात जागा मिळाली म्हणजे झालं असंही नाही. आधी वर बघावं. माडाखाली सावली गार असते, पण असोला नारळ किलो-सव्वा किलोचा आणि माड पन्नास फुटांचा. काच फोडायला सुकलेली झावळसुद्धा पुरते. एप्रिल-मे महिन्यात आंब्याखालीही लावू नये. चीक रंगावर सुकला की डाग राहतो, तो दिसताक्षणी साबणाच्या पाण्याने धुवावा. सारवलेल्या खळ्यात घरमालकाने ‘घ्या आत’ म्हटल्याशिवाय चाक घालू नये, दीड-दोन टनांच्या गाडीने खळं उखडतं. दोन-तीन दिवस गाडी हलणार नसेल तर सपाट जागी हँडब्रेक ओढून ठेवू नये. खाऱ्या दमट हवेत मागच्या ड्रमला गंज धरतो, लायनर चिकटतात आणि निघताना चाक फिरत नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला चिऱ्याचा तुकडा लावला की पुरे. घरी परतल्यावर तळ गोड्या पाण्याने धुवावा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर तिथं धुऊन उपयोग नाही, मीठ तसंच राहतं.

चिवला, दांडी, देवबाग इथं पुळणीवर गाडी उतरवण्याचा मोह होतो, त्याबद्दल थोडं सविस्तर. भरतीचा जुना हिशेब आजही बरा चालतो: तिथीला पाऊणने गुणा, येईल तो भरतीचा अंदाजे तास. षष्ठीला साडेचार, दशमीला साडेसात, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा, सकाळी आणि रात्रीही. ओहोटी साधारण सहा तासांनी. आता पौर्णिमेची संध्याकाळ घ्या. साडेपाचला समुद्र पार आत गेलेला असतो, वाळू घट्ट लागते, दहा गाड्या खाली उतरतात. जेवून अकराला परत यावं तर ऐन उधाण. लाट चाकाला लागण्याआधीच वाळूत खालून पाणी चढतं आणि गाडी स्वतःच्या वजनाने बसते. त्यावर ॲक्सिलरेटर दाबला की चाकं जागीच फिरून खड्डा करतात आणि अर्ध्या मिनिटात पोट वाळूला टेकतं. रुतलीच तर चाक फिरवणं तिथल्या तिथं थांबवावं, माणसं उतरवावीत, चाकांतली हवा ३२ पीएसआयवरून १८ पर्यंत उतरवावी, चाकांपुढची वाळू हाताने उपसून सुक्या झावळ्या आडव्या घालाव्यात आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू काढावी. मग हवा भरेपर्यंत सावकाश. इंजिनात खारं पाणी गेलं तर साध्या विम्यात ते बहुधा बसत नाही, इंजिनाचं वेगळं कलम घेतलेलं असावं लागतं.

दंडाचंही सांगून टाकतो. महाराष्ट्रात नो पार्किंगला पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा केलंत तर १५००. पाटी बेळगावची, केए २२ असली म्हणून चलन चुकत नाही, ते नंबरावर चढतं.

सीमाभागातल्या आपल्याला एक सोय आहे, ती कुणी फारशी वापरत नाही. आपल्याकडच्या राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला आणि एप्रिलच्या मध्यापासून. महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळी आणि मे. किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात, २६ मे ते ३१ ऑगस्ट, बंद असतात. सप्टेंबरपासून समुद्र शांत असेल तशा सुरू होतात. म्हणजे दसऱ्याच्या सुट्टीतले सोमवार ते गुरुवार किंवा एप्रिलचा दुसरा पंधरवडा धरला तर पुणे-मुंबईची गर्दी नसते. तरी आपण दिवाळीतच जातो, भाऊबंद तिकडून येणार म्हणून.

आता मालवण नगरपालिकेकडे मागणी. एक गाडी लावायला आणि वळवायला मिळून २५ चौरस मीटर लागतात, म्हणजे गुंठ्यात चार गाड्या. शंभर गाड्यांना २५ गुंठे. गावात एवढी मोकळी जागा मिळणार नाही, पण गावाबाहेर कुंभारमाठच्या बाजूला सुट्टीचे महिना-दीड महिना भाड्याने मिळू शकेल. माथेरानला गाड्या गावाबाहेर दस्तुरी नाक्यालाच थांबतात आणि कुणाची सहल बुडत नाही. तिथून जेटीपर्यंत ठरल्या दराने रिक्षा, पावती देणारा माणूस, सामानासाठी कुलूपबंद खोली आणि रात्री एक राखणदार ठेवावा. सामानाची खोली सगळ्यांत महत्त्वाची; ती नसेल तर वर सांगितल्याप्रमाणे बॅगा भरलेली गाडी तिथं थांबणार नाही.

आणि फलक मराठीबरोबर कन्नडमध्येही लावावेत. सीमाभागातला मराठी माणूस कन्नड पाटी मागतो म्हणून कुणी भुवया उंचावू नयेत. हुबळी-धारवाडच्या चालकाला मराठी पाटी वाचता आली नाही तर तो जेटीपर्यंत जाणारच आणि त्याच्या मागं अडकणारी गाडी शहापूर-वडगावची असणार. पाटीवर बाण, जेटीपर्यंतचं अंतर आणि जागा भरली की उलटवून ठेवायची फळी, एवढं असावं. आणि ती गावात शिरण्याआधी, गाडी वळवता येईल अशा ठिकाणी लावावी.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव