ऐकणाऱ्यांसाठी एक ओळ लिहा : केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

माझ्या लहानपणी घरच्या रेडिओचं एक पुस्तक असायचं. वडील दरवर्षी ते घेऊन पोस्टात जायचे, फी भरायचे, त्यावर तिकीट चिकटवून शिक्का मारून आणायचे. रेडिओ ऐकायला परवाना लागायचा म्हटलं की नात हसते. तिच्या लॅपटॉपला लावलेल्या, रेडिओ संदेश पकडणाऱ्या पेनड्राइव्हएवढ्या डोंगलची कायद्यात तीच गत आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. फरक इतकाच की आता ते पुस्तकही मिळत नाही.

हा डोंगल मुळात टीव्ही बघण्यासाठी बनवलेला. त्यातली चिप टीव्हीपलीकडचंही बरंच पकडते, हे 2012 च्या सुमारास हौशी मंडळींच्या लक्षात आलं आणि हवेतले रेडिओ संदेश शोधून ऐकवणाऱ्या हजारोंच्या स्कॅनरचं काम शेकड्यांत होऊ लागलं. नातीने गच्चीवर दोन अ‍ॅल्युमिनियमच्या सळ्या, प्रत्येकी साधारण 53 सेंटिमीटर, इंग्रजी व्हीसारख्या बांधल्या आणि अमेरिकेच्या नोआ उपग्रहाने नुकताच टिपलेला ढगांचा फोटो थेट उतरवला. अरबी समुद्र, गुजरातचा किनारा, सगळं ओळीओळीने पडद्यावर सरकत आलं. ते उपग्रह 2025 मध्ये बंद झाले. आता ती रशियाच्या मेटिओर हवामान उपग्रहांच्या मागे आहे.

पण त्याच डोंगलवर 118 ते 137 मेगाहर्ट्झमध्ये वैमानिक आणि टॉवर यांचं बोलणंही येतं. साध्या एएमवर, कुलूप ना कडी. (आम्ही ते ऐकतो असं मी इथे लिहिलेलं नाही, हे कृपया नोंदवावं.) विमानं स्वतःची जागा 1090 मेगाहर्ट्झवर सतत सांगत असतात. मोबाइलवर विमानांचा जो नकाशा आपण बघतो, तो बराचसा घरोघरच्या हौशी रिसिव्हरांवरच चालतो.

1933 च्या वायरलेस कायद्याने परवान्याशिवाय यंत्र नुसतं बाळगणंही गुन्हा ठरवलं होतं. 2023 च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगायला परवानगी लागते, आणि बेकायदा संदेश पकडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वॉकीटॉकीवर बोलून पोलिसांच्या वाहिनीत व्यत्यय आणणारा आणि ढगांचा फोटो उतरवणारी मुलगी यांना एकाच दारातून आत जावं लागतं.

पोलिसांचं, सैन्याचं बोलणं ऐकून ते गावभर पसरवणाऱ्याला जरूर शिक्षा करा. दंगलीच्या रात्री बंदोबस्त कुठे हलतोय हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ नको. पण गुन्हेगार डोंगल घेताना कायद्याचं पुस्तक उघडत नाही. त्याला अडवतं ते एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणं सांकेतिक करून कुलूपबंद करणं. ते लावलं की त्याच्या स्पीकरवर नुसती खरखर. जिथे पोलीस अजून उघड्या ॲनालॉग सेटवर बोलत असतील, तिथे पैसा आधी त्या सेटवर खर्च व्हावा. ब्रिटनमध्ये स्कॅनर विकत घ्यायला परवाना लागत नाही, पण आपल्यासाठी नसलेले संदेश ऐकणं तिथे गुन्हा आहे. वस्तू आणि वापर असे वेगळे काढता येतात.

नव्या कायद्याच्या कलम 3 मध्ये सूट देण्याचा अधिकार सरकारला आहेच. नुसत्या ऐकणाऱ्या, प्रक्षेपण न करणाऱ्या उपकरणांना ती द्या. हवामान उपग्रह, हॅमच्या (म्हणजे परवाना घेऊन रेडिओवर बोलणाऱ्या हौशींच्या) पट्ट्या, जहाजं-विमानांचे स्थान-संकेत अशी जे ऐकायला मोकळं आहे त्याची यादी छापा. तेवढंही जड वाटत असेल तर आपल्याच 1978 च्या हौशी रेडिओ नियमांत शॉर्टवेव्ह श्रोत्यांसाठी परवान्याचा वेगळा वर्ग होता, तो एकदा काढून बघा.

बारा वर्षांच्या मुलाला हॅमची परीक्षा देता येते, पुढे तो बोलूही शकतो. नुसत्या ऐकणाऱ्यांसाठी परीक्षा नको, एक अर्ज पुरे. फी लावलीत तरी हरकत नाही. पोस्टात नेऊन भरू.

आपला,
एक श्रोता, पुणे