प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होण्यापूर्वी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून नेमणुकीचा आदेश आल्याचे तू फोनवर सांगितलेस आणि त्याच दमात ‘खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात असते तरी काय’ असेही म्हणालास. ज्या बाईची सारी नोकरी उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून झाली, तिने या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, म्हणून हे पत्र.

तू लहान असताना उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, रक्तदाबाचे यंत्र आणि लोहाच्या गोळ्या एवढाच कारभार होता. बाळंतपणे बहुधा घरीच सुईणीच्या हातून होत, आणि एखादी बाई अडली की आधी जीप कोणाची मिळते, मग पैसे कोण देतो, यातच रात्र सरत असे. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, साधारण हजार लोकवस्तीमागे एक ‘आशा’, म्हणजे गावातलीच आरोग्य स्वयंसेविका, नेमली गेली आणि जननी सुरक्षा योजनेतून दवाखान्यातल्या प्रसूतीला पैशाचे पाठबळ मिळाले. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यातली प्रसूती, औषधे, तपासण्या आणि वाहन मोफत झाले. महाराष्ट्रात 2005-06 मध्ये शंभरातील सुमारे 65 प्रसूती दवाखान्यात होत होत्या; 2019-21 च्या पाहणीत हे प्रमाण 95 च्या जवळ पोचले. मातामृत्यूही त्याच काळात लाख जिवंत जन्मांमागे 130 वरून 33 पर्यंत उतरले.

याचे पहिले श्रेय मी आशांना देते. गावातल्याच बाईला शिकवून तिच्या हाती आरोग्य सोपवता येते, हे डॉ. आरोळे दांपत्याने 1970 पासून जामखेडला दाखवले होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेऊन बालमृत्यू कमी करून दाखवले, आणि त्यांचे ते संशोधन 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. आज आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अशा ठरल्या दिवशी बाळंतिणीच्या दारात उभी राहते, झोळीच्या काट्यावर बाळाचे वजन करते, घड्याळ समोर धरून मिनिटभर श्वास मोजते आणि बाळाचे पाय गार लागले तर त्याला आईच्या उराशी ठेवायला सांगते. एवढे करूनही तिला स्वयंसेविकाच समजतात आणि कामामागे मोबदला देतात, याचा मला राग आहे. तू तिला चहा पाजशील तेव्हा निदान खुर्ची दे.

2018 नंतर उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आले. तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासून गोळ्या गावातच मिळू लागल्या, आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून तज्ज्ञाचा सल्लाही घेता येतो. पाटी बदलून ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाली, त्याचे मला फारसे कौतुक नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही घेत नाहीत, हे मात्र मोलाचे, कारण पाच-दहा रुपयांसाठी नव्हे, तर पुढे किती मागतील या धास्तीने लोक उंबऱ्यावरून परत फिरत.

सुधारणा जिथे थांबते ती जागाही पाहून ठेव. ग्रामीण रुग्णालयात इमारत असते, शस्त्रक्रियागृह असते, पण भूलतज्ज्ञ नसेल तर सिझेरियन होत नाही आणि बाई पुन्हा रुग्णवाहिकेत चढते. ही उणीव निधीपेक्षा तुमच्या पिढीच्या मुक्कामावर अधिक अवलंबून आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर राहिले, विंचूदंशाच्या रुग्णाजवळ रात्र-रात्र बसून त्यांनी नोंदी केल्या, आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या उपचाराने शंभरात चाळीसच्या घरातले मृत्यू एकाच्या आसपास आले. मोठे संशोधन मोठ्या रुग्णालयातच होते, असे तुम्हाला कॉलेजात कोण शिकवते, कोण जाणे.

रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी औषध निर्माण अधिकाऱ्याला बरोबर घेऊन सर्पदंशावरच्या लसीच्या (प्रतिविषाच्या) कुप्या मोज आणि त्यांची मुदत पाहा. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवले आहे ना, हेही तपास. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी सांगत आला आणि त्याच्या पापण्या जड दिसल्या, तर चावल्याची खूण शोधत बसू नकोस, मण्यार धरून चाल. गरोदर बाईला झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच 108 मध्ये बसव, आणि गाडी निघण्यापूर्वी पुढच्या रुग्णालयात स्वतः फोन कर. प्रसूती कक्षातल्या सिस्टर तुझ्यापेक्षा अधिक बाळंतपणे पाहिलेल्या आहेत. त्या ‘डॉक्टर, जरा बघता का’ म्हणाल्या की हातातला घास ठेवून ऊठ.

निवासस्थानाची किल्ली आरोग्य सहायकाकडे असते. पंखा चालतो का, ते आधी विचारून घे.

तुझी आई