ज्यांची नावं मला माहीत नाहीत, त्यांचे आभार

गेले आठ महिने रोज एक तरी मानवाकृती काढायची, असं ठरवलं होतं. काही दिवस चुकले, पण वह्या भरल्या आणि टॅबलेटच्या पेनचं टोकही झिजलं. या काळात ज्यांनी माझी चित्रं बघून खरं ते सांगितलं, त्या सगळ्यांचे मनापासून आभार.

सगळ्यात आधी त्या व्यक्तीचे, जिनं माझ्या चित्रावर फक्त दोन तिरक्या रेघा मारल्या. एक खांद्यांची, एक कमरेची. वजन एका पायावर आलं की त्या बाजूचं कमरेचं हाड वर जातं आणि खांदा बहुधा खाली झुकतो. माझ्या दोन्ही रेघा समांतर, म्हणून माणसं खांबासारखी उभी! आणि मी मात्र तासन्‌तास नखं रंगवत बसलेलो.

३० सेकंदांत अख्खी पोझ पकडायला लावणाऱ्यांचा तेव्हा रागच आला होता. तेवढ्या वेळात नाक-डोळे काढायला सवडच मिळत नाही, नजर आपोआप शरीराच्या ओघावर जाते, हे फार उशिरा कळलं.

‘कॅनव्हास आरशासारखा उलटा करून बघ’ म्हणणारे तुम्ही! चेहरा इतका वाकडा दिसला की टॅबलेट बंदच केला. दुसऱ्या दिवशी तुमच्याच सांगण्यावरून चित्र काळ्या-पांढऱ्यात पाहिलं. गाल, केस, मागची भिंत, सगळं एकाच करड्या छटेचं. रंग वेगळे होते, उजेड-अंधार वेगळा नव्हता.

हात अजून जमत नाहीत, म्हणून खिशात लपवतो. तेही तुम्ही ओळखलंय. पुढचा महिना फक्त हातच काढून पाठवतो.