मीटर बदलायच्या आधी पाइप बघा

संपादक साहेब, नमस्कार.

उन्हाळा लागला की पेंच धरणात किती पाणी उरलं याच्या बातम्या तुम्ही छापता, चांगलंच आहे, पण बुटीबोरी अन् हिंगणा एमआयडीसीत कारखान्यांचं पाणी मोजणाऱ्या फ्लो मीटरकडे बिल फुगेपर्यंत कोणी बघत नाही, म्हणून हे पत्र. बिल फुगलं की लगेच, मीटर खराब आहे, नवा मागवा. नवा बसवतात अन् तोही तसंच दाखवून राहिला असतो, कारण पुष्कळदा दोष पाइपात असतो.

यातला मॅग्नेटिक (मॅग) मीटर चुंबकाच्या मदतीने पाण्याचा वेग मोजतो आणि पाइप पूर्ण भरलाय असं धरून हिशोब करतो. पाइप अर्धा रिकामा असला किंवा पाण्यात हवा आली की आकडा बहुतेक जास्त येतो, नाहीतर नाचतो. म्हणून मीटर उभ्या पाइपवर, पाणी खालून वर चढेल असा बसवावा, आडव्या लाइनवर असेल तर इलेक्ट्रोड, म्हणजे पाण्याला टेकून सिग्नल घेणारी धातूची टोकं, दोन्ही बाजूंना यावेत, वर-खाली नको. मीटरच्या आधी साधारण व्यासाच्या 5 पट सरळ पाइप लागतो, म्हणजे 100 मिमीच्या लाइनला अर्धा मीटर, आणि आपल्याकडे जागा नाही म्हणून बेंडला किंवा वॉल्वला चिकटवूनच टाकतात! जोडातलं गॅस्केट (गळती थांबवणारी चकती) पाइपात डोकावत असलं तरी रीडिंग बिघडतं.

आकडा सारखा नाचत असेल तर आधी अर्थिंग बघा, प्लास्टिक पाइप असेल तर अर्थिंग रिंग (पाण्याला अर्थ देणारी धातूची कडी) आहे का ते बघा. बोअरचं जड पाणी असेल तर इलेक्ट्रोडवर क्षार बसतात, ते मऊ कापडाने अन् सौम्य डिस्केलरने काढायचे, स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका हो, लायनर, म्हणजे मीटरच्या आतलं अस्तर, गेला की मीटर गेला. झीरो, म्हणजे पाणी थांबलेलं असतानाचा आकडा, तपासताना दोन्हीकडचे वॉल्व बंद हवेत पण पाइप भरलेला हवा, रिकाम्या पाइपवर घेतलेल्या झीरोला काही अर्थ नाही.

मीटरवर एक अन् कंट्रोल रूममधे दुसरा आकडा दिसतो तेव्हा मल्टीमीटर लावा. मीटर आपला आकडा 4 ते 20 मिलीअॅम्पिअर करंटने पाठवतो, 4 म्हणजे शून्य अन् 20 म्हणजे पूर्ण रेंज. मीटरची रेंज 0 ते 100 आणि पीएलसीत (कंट्रोल रूमच्या कंट्रोलरमधे) 0 ते 120 टाकली असेल तर 12 मिलीअॅम्पिअरला इकडे 50 दिसेल, तिकडे 60. एवढ्यासाठी मीटर काढून पाठवणारे लोक आहेत, मला खरंच वाईट वाटतं. बॉयलरच्या डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यावर मात्र साधा मॅग मीटर चालतच नाही, त्या पाण्यातून वीज वहायला हवी तेवढी वाहत नाही, तिथे दुसऱ्या जातीचा मीटर लागतो.

मे महिन्यात 45 डिग्रीत डिस्प्ले उन्हात उघडा ठेवू नका, वर पत्र्याची सावली करा. पावसाळ्याआधी केबल ग्लँड (केबल मीटरमधे शिरते तिथलं बूच) घट्ट करा आणि केबलला ग्लँडच्या खाली झोळ द्या, म्हणजे पाणी आत न शिरता खाली टपकेल.

कारखानदारांना विनंती आहे की साफसफाई करायच्या आधीचं रीडिंग लिहून ठेवायला लावा. आणि आयटीआयच्या मुलांना हे सगळं चालू लाइनवर, हातात पाना देऊन शिकवा.

— एक इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, हिंगणा रोड, नागपूर