गड्ड्याला पाहुणे बोलवा, पण भाकऱ्या विकत आणा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर लागला की पुरवण्यांमधे आणि मोबाईलवर सगळीकडे घरच्या पार्टीच्या रेसिप्या सुरू होतात, तीन स्टार्टर, चार भाज्या, दोन गोड, वर टेबल कसं सजवायचं ते वेगळंच, आणि ह्या सगळ्याला नाव काय तर 'नो टेन्शन पार्टी'. नऊ पदार्थ एकटीनं करायचे म्हटल्यावर टेन्शन येणार नाही तर काय होणार ओ? म्हणून म्हटलं यंदा आपणच लिहावं, सोलापुरातल्या घराला उपयोगी पडेल असं.

थर्टी फर्स्टचं काय, पोरं गच्चीवर जातात, केक कापतात, झालं. आपल्याकडं खरी गर्दी संक्रांतीला, सिद्धेश्वरांच्या यात्रेला, म्हणजे आपल्या गड्ड्याला. पुण्या-मुंबईची सगळी मंडळी तेव्हाच येतात, कुणाला नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या बघायच्या असतात, कुणाला संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता टाकायच्या असतात, पोरांना होम मैदानावरचे पाळणे पाहिजेत. आणि घरची बाई? ती भाकऱ्या थापत बसलेली. तिकडं 'दिड्डम दिड्डम'चा गजर होऊन अक्षता पडल्या तरी हिचा कुकर उतरलेला नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की गड्ड्याच्या जेवणात गरम पदार्थ एकच ठेवा, बाकी सगळं आधी करून ठेवता येणारं किंवा सरळ विकत. आणि त्यासाठी पनीर-बिनीरच्या मागं लागायची काहीच गरज नाही, आपलं सोलापूरचं जेवणच टिकाऊ आहे. कडक भाकरी घ्या. ज्वारीची पातळ थापून मंद आचेवर पूर्ण वाळवलेली, कोरड्या डब्यात ठेवली तर महिनाभर खराब होत नाही. गावात कितीतरी बायका घरी करून विकतात, आठवडाभर आधी सांगून ठेवलं की झालं, कारण यात्रेत त्यांच्याकडं पण ऑर्डरी तुंबतात. माणशी दोन धरा. शेंगाचटणी आधीच कुटून ठेवायची, मिक्सरमधे एकदम फिरवली तर नुसता भुगा होतो, थांबत थांबत फिरवायची नाहीतर खलबत्त्यात कुटायची म्हणजे तेल सुटतं. शेंगापोळ्या चार दिवस आधी केल्या तरी चालतात, उलट मुरून चांगल्या लागतात.

राहिलं दही, आणि त्यातच जरा लक्ष लागतं. जानेवारीत थंडीमुळं दही लवकर लागत नाही, सकाळी बघावं तर दूधच. दूध कोमटापेक्षा थोडं गरम असताना विरजण नेहमीपेक्षा जास्त घालायचं, नीट ढवळायचं आणि पातेलं जुन्या चादरीत गुंडाळून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवायचं, मधे मधे उघडून बघायचं नाही. आपल्याकडं चादरींना काय तोटा. सकाळी घट्ट दही, त्यात भाकरी चुरून वर चटणी आणि कच्चा कांदा, पुण्याचे पाहुणे पहिल्यांदा हेच संपवतात बघा, तुमच्या पनीरकडं कुणी ढुंकून बघत नाही.

गरम एकच पदार्थ म्हटलं तो भोगीच्या दिवशी भोगीची भाजी, एरवी शेंगदाण्याच्या कुटाची पातळ भाजी. मोठ्या पातेल्यात करायची, दोन्ही वेळेला पुरते. भात वीस माणसांना दीड किलो तांदळाचा भरपूर होतो, बाकी पोट भाकरीनं भरतं, पण भात शिजवून दिवसभर उघडा ठेवायचा नाही, थंडी असली तरी. रात्री उशिरा हुतात्मा एक्स्प्रेसनं नाहीतर वंदे भारतनं उतरणाऱ्यांसाठी वेगळा स्वयंपाक मांडू नका, दहीभात आणि चटणी बास.

तारीख ठरवायची तर कॅलेंडरच्या आधी नळ बघायचा. आपल्याकडं रोज पाणी येत नाही हे बाहेरच्यांना कळत नाही, वीस जणांच्या आंघोळी, भांडी, संडास, सगळं टाकीवर. पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे आले तर निम्मं टेन्शन तिथंच गेलं. काठीची मिरवणूक असते त्या दिवशी दुपारी कुणालाच जेवायला बोलवू नका, मिरवणूक गावातल्या अडुसष्ट लिंगांना जाते त्या वाटेवर रस्ते बंद असतात, गाड्या अडकतात आणि भाजी गार होते. ताटं मंडपवाल्याकडून स्टीलची आणा. थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, तरी आमच्या गल्लीत अजून दिसतात.

आता पुरुषमंडळींबद्दल. पांढरी बाराबंदी घालून दिवसभर हर्र बोला हर्र म्हणत अनवाणी चालता, काठी पेलता, त्याचं कौतुक आहेच. मग घरी आल्यावर स्वतःचं ताट विसळायला हात का दुखतात? पाहुण्यांना पण कामं सांगा, लाजू नका. नणंदेला कोशिंबीर, भाच्याला पाणी वाटप, जावयाला (हो, जावयाला पण) गादीघरातून गाद्या आणायला. कुणी काही आणू का म्हणून फोनवर विचारलं तर नको नको म्हणायचं नाही, केळी आण, सुपारी आण, असं नाव घेऊन सांगायचं. आमच्या शेजारच्या तेलुगू काकू तर न विचारता पातेलंभर आमटी पाठवतात, आम्ही त्यांना पोळ्या देतो, दोन्ही घरचं काम हलकं होतं.

सासूबाईंच्या वयाच्या बायकांना विकतची भाकरी म्हणजे कमीपणा वाटतो, हे मला माहिती आहे. पण जी बाई ती भाकरी विकते तिचंही घर त्याच्यावर चालतं, आणि हात तिचे आपल्यापेक्षा सराईत असतात, पापडासारखी पातळ भाकरी आपल्याला कुठं जमते.

तुम्ही दरवर्षी यात्रेचं वेळापत्रक आणि बंद रस्त्यांची माहिती छापता, ते आम्ही कापून फ्रीजवर लावतो. यंदा त्याच्याच शेजारी कुठल्या भागात कुठल्या दिवशी पाणी येणार ते पण छापा, एवढी विनंती.

आपली,
एक वाचक गृहिणी, सोलापूर