स्टीप हिलवरची दगडी घरे

लिंकन, इंग्लंड
१२ ऑक्टोबर

प्रिय वसंतास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, त्याचे कारण या गावातली एक चढणीची वाट आहे. मुलीचे बिऱ्हाड खाली विथम नदीच्या बाजूला आणि कॅथेड्रल वर टेकडीच्या माथ्यावर, त्यामुळे रोज सकाळी मी ही चढण चढतो आणि रोज एखाद्या घरापाशी थांबतो. तू आयुष्यभर बांधकामे केलीस, सुट्टीच्या दिवशी मला बरोबर घेऊन जुन्या वाड्यांची मापे घेतलीस. तेव्हा इथे पाहिलेले तुला सविस्तर लिहिल्याखेरीज मला चैन पडणार नाही.

वाट नदीपासूनच धरावी. हाय स्ट्रीट जिथे नदी ओलांडते तो हाय ब्रिज सुमारे ११६० सालचा असून त्याच्या पाठीवर सोळाव्या शतकातली लाकडी चौकटीची घरे अजून उभी आहेत. पुढे वेशीसारखा स्टोनबो लागतो, रस्ता हळूहळू अरुंद होतो, त्याचे नाव ‘द स्ट्रेट’ होते आणि मग खरी चढण सुरू होते. तिला सरळ ‘स्टीप हिल’ असेच म्हणतात. चढ साधारण सातास एक आहे, खाली गोटे बसवलेले आहेत आणि माझ्या वयाच्या माणसांसाठी लोखंडी कठडा आहे. वर रोमन लोकांचे लिंडम हे शहर वसले होते आणि त्याची दक्षिण वेस याच चढणीवर होती, म्हणजे लोक इथून जवळजवळ दोन हजार वर्षे चढत-उतरत आहेत.

चढण सुरू होते तिथेच डाव्या हाताला ‘ज्यूज हाउस’, म्हणजे ज्यू माणसाचे घर आहे. ते ११५० ते ११७० च्या दरम्यान बांधलेले असून इंग्लंडमध्ये आजही वापरात असलेल्या सर्वांत जुन्या घरांपैकी एक आहे. त्याचा दर्शनी भाग पाहताना मला तुझी फार आठवण झाली. तळमजल्यावर रस्त्याकडे दुकाने आणि राहण्याचे मोठे दालन वर, ही मांडणी तुला नवी नाही. पण दाराची रचना मी आजवर कुठेही पाहिली नव्हती. दारावर अर्धगोल कोरीव कमान आहे आणि त्या कमानीच्याच आधाराने वरच्या दालनातल्या शेकोटीचे धुराडे बाहेरून भिंतीवर चढत गेले आहे. घराचा उंबरठा आणि घरातला विस्तव एकाच रेषेत, एकावर एक! पहिल्या दिवशी मी समोरच्या कडेला उभा राहून वहीत ते दार काढले, परंतु कमानीवरचा भार खाली कसा उतरतो हे मला नीट उमगले नाही. सोबत पाठवलेले चित्र पाहून तूच सांग. वरच्या मजल्यावरच्या जोडखिडक्यांचे काही अवशेष शिल्लक आहेत, तळमजल्याच्या भिंती मात्र दुकानांसाठी केव्हाच फोडल्या गेल्या.

आता या घराच्या नावाविषयी. बाराव्या शतकात लिंकनचा ज्यू समाज इंग्लंडमधल्या संपन्न समाजांपैकी एक होता. त्या काळी बहुतेक लोक लाकूड-मातीच्या घरांत राहत आणि दगडी घर पैसेवाल्याचेच असे. इथला ॲरन हा सावकार तर देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक होता. चर्चच्या मठांच्या बांधकामांना त्याने पैसे पुरवले, आणि एका बिशपने वरच्या कॅथेड्रलची आभूषणे ३०० पौंडांपोटी त्याच्याकडे गहाण ठेवली होती. वसंता, ही गहाणाची गोष्ट कळल्यापासून मला कॅथेड्रलचे मनोरे आणि खालची ही घरे वेगळी पाहताच येत नाहीत. ११८६ साली ॲरन वारला, तेव्हा राजा दुसऱ्या हेन्रीने त्याची सगळी मालमत्ता जप्त केली. येणे कर्ज सुमारे पंधरा हजार पौंडांचे आणि ऋणको चारशेहून अधिक. त्या वसुलीसाठी सरकारी खजिन्यात वेगळे खाते काढावे लागले. फ्रान्सच्या लढाईसाठी पाठवलेली त्याची रोकड ११८७ मध्ये जहाजासकट इंग्लिश खाडीत बुडाली. चढणीवर थोडे पुढे गेल्यावर एक दगडी घर लागते, त्याला पूर्वी ॲरनचेच घर म्हणत. तो समज चुकीचा ठरल्यावर त्याला ‘नॉर्मन हाउस’ म्हणू लागले. दुरुस्ती योग्यच आहे, तरी त्या माणसाचे नाव या वाटेवरून पुसले गेले याचे मला वाईट वाटते.

ज्यूज हाउसला लागूनच ‘ज्यूज कोर्ट’ आहे. तिथे पूर्वी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ असावे असे मानतात. १२५५ साली ह्यू नावाच्या एका लहान मुलाचे प्रेत विहिरीत सापडले आणि ज्यूंनी त्याचा बळी दिला अशी आवई उठली. राजा तिसऱ्या हेन्रीने त्या आवईवर विश्वास ठेवून एकोणीस ज्यूंना देहान्त दिला. याहून मला चीड आणणारी गोष्ट विसाव्या शतकातली आहे: याच इमारतीत ‘ती विहीर’ म्हणून एक विहीर दाखवली जाई, आणि पुढे एका मजुराने सांगितले की ती आपण १९१० च्या सुमारास बांधली. सहाशे पन्नास वर्षांनंतरही खोट्याला पुरावा बांधून देणारे हात मिळाले! १९५५ मध्ये कॅथेड्रलमध्ये त्या मुलाच्या समाधीपाशी चर्चने फलक लावला. ही कथा खोटी होती, तिने निरपराध ज्यूंचे प्राण घेतले, असे त्यावर स्पष्ट लिहून देवाची क्षमा मागितली आहे. मी तो दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या एक वृद्ध बाई तो पुटपुटत वाचत होत्या, आणि वाचून झाल्यावरही आम्ही दोघे काही वेळ तिथेच उभे राहिलो.

१२९० मध्ये पहिल्या एडवर्डने सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढले. ज्यूज हाउस त्याच वेळी मालकाकडून हिरावले गेले असे सांगतात. त्यानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षे इंग्लंडमध्ये ज्यूंना उघडपणे राहता आले नाही, पण लिंकनच्या लोकांच्या तोंडी घराचे नाव मात्र राहिले. अलीकडच्या काळात इथला लहानसा ज्यू समाज ज्यूज कोर्टमध्येच प्रार्थनेला जमू लागला, हे ऐकून मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

तुला कळले असेलच की हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर अलिबागची इस्रायल आळी आहे. शाळेतून येताना आपण सिनेगॉगवरून जात असू आणि तुझी आजी बेने इस्रायलींना, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंना, जुन्या सवयीने ‘शनवार तेली’, शनिवारी काम बंद ठेवणारे तेली, म्हणत असे. आपल्याकडून त्यांना कोणी हाकलले नाही, ते आपल्या मनाने इस्रायलला गेले, जाताना मराठी घेऊन गेले, आणि गावाने त्यांच्या आळीचे नाव बदलले नाही. ज्यूज हाउसच्या दाराच्या उजव्या बाजूचा दगड मी हाताने चाचपून पाहिला, मेझुझाची, म्हणजे ज्यू लोक दाराच्या चौकटीवर लावतात त्या धर्मवचनाच्या पट्टीची, काही खूण लागते का म्हणून. हाताला गुळगुळीत झालेला दगडच लागला. आठवते ना, आळीतल्या घरांच्या चौकटीवर ती पट्टी लावलेली असे आणि घरातली माणसे येता-जाता तिला बोटे लावून ओठांशी नेत? पुढच्या वेळी तिकडे जाशील तेव्हा बंद घरांच्या चौकटी जरा निरखून पाहा, आणि एखादीवर ती पट्टी किंवा तिच्या खिळ्यांची भोके शिल्लक असतील तर माप घेऊन मला कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव