तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना, पेन्सिलीतल्या नोट्सबद्दल

काकू,

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "चहा टाकू का" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, आता बदला विषय.

जूनमध्ये लेकाचा पाय मोडला, सहा आठवडे प्लास्टर, बाहेर धो धो पाऊस आणि घरात "आई बोअर होतंय" असा अखंड जप. सगळे बघायला येताना सफरचंदं आणत होते, तुम्ही 'द फँटम टोलबूथ' ठेवून गेलात. खरं सांगते, माझं तोंड वाकडं झालं होतं. १९६१ चं पुस्तक, इंग्लिश, तेही पोरांचं, आणि माझं इंग्लिश ऑफिसच्या मेलपुरतं. पण उघडलं तर त्यातला माइलोही आमच्याच घरातला, सगळ्याचा कंटाळा आलेला, आणि एक दिवस खोलीत येतो तर भलं मोठं पार्सल, आत चक्क टोलनाका, वर भरायला नाणीसुद्धा. लेक म्हणाला आपल्या मुलुंडच्या नाक्यावर कारचा टोल २०२४ मध्येच बंद झाला ना, मग हा का भरतोय? झालं, तिथून रोज रात्री एक चॅप्टर, मी वाचायचं आणि वाचता वाचता मराठीत सांगायचं.

पण खरा खजिना समासात होता. पानोपानी शब्दांच्या कोट्या, मला एकटीला अर्ध्याही कळल्या नसत्या. तिथे तुमची ती बारीक पेन्सिल. राजवाड्यातल्या मेजवानीत अर्धवट भाजलेल्या कल्पना वाढतात तिथे तुम्ही लिहिलंय "मनातले मांडे". विचार न करता निष्कर्षावर उडी मारली की माणूस थेट एका बेटावर जाऊन पडतो, तिथे "उतावळा नवरा!" आणि परत यायला ज्ञानाच्या समुद्रातून पोहत यावं लागतं, सगळे चिंब आणि तो बढाईखोर हमबग किडा मात्र ठणठणीत कोरडा, त्याच्या शेजारी नुसतं "पाषाण" आणि दोन उद्गारचिन्हं. हे मी रात्रीची तयारी म्हणून लोकलमध्ये वाचत होते, एकटीच फिदीफिदी हसले, ठाणं कधी गेलं कळलंच नाही आणि कळव्याला उतरले. त्या दिवशी उशीर का झाला ते घरी सांगितलेलं नाही.

लेकाला आवडला टॉक, पोटात घड्याळ असलेला कुत्रा. आणि ते वजाबाकीचं स्ट्यू, जितकं खाल तितकी भूक वाढते, आता नावडती भाजी असली की तेच नाव. (शेवटी ते राक्षस जरा जास्तच झाले, प्रत्येक जण काहीतरी शिकवून जातो, मी दोन-तीन गाळले, चालतंय ना?) पण कमाल केली ती तुम्ही सांगितलेल्या गोष्टीने, की लेखक नॉर्टन जस्टर मुळात आर्किटेक्ट आणि चित्रकार फायफरला छळायला मुद्दाम काढताच येणार नाहीत अशी पात्रं लिहायचा, एक उंच बारीक, एक बुटका जाडा आणि तिसरा हुबेहूब त्या दोघांसारखा. तो तिसरा काढायला आमच्या साहेबांनी सलग दोन दुपारी घालवल्या, एकदाही बोअर म्हणाला नाही हो! मी दारात उभी राहून बघत होते.

आणि हो, "१८९३ पासूनचं ग्रंथसंग्रहालय ठाण्यात आहे आणि तुझं कार्ड कुठाय" हा टोमणा लागला. रिन्यू केलंय.

रविवारी पुस्तक परत आणते. मेजवानीच्या पानावर डाग आहे तो कुरडईच्या तेलाचा, सॉरी. आणि तुमच्या "मनातले मांडे"खाली वाकड्या अक्षरात "आजी मांडे म्हणजे काय" असं लिहिलंय ते मी नाही लिहिलेलं. त्याने कधी खाल्लेच नाहीत. खरं तर मीपण नाही. तुम्हाला येतात का हो करायला?